तीनाचा सहा का होतो?

अकरा वर्षं सातवीला गणित शिकवलं आणि मग समायोजनात, म्हणजे शिक्षकांच्या फेरवाटपात, पहिलीचा वर्ग वाट्याला आला. अमळनेर तालुक्यातलं गाव, बावीस पोरं. मला वाटलं होतं, आता काय, सोपंच आहे. पहिल्याच आठवड्यात एका पोराच्या पाटीवर ओळ दिसली: १, २, ६, ४, ५. मी ती पुसली आणि परत लिहायला लावली. परत तेच. "अरे, तीन काढ ना!" म्हटलं, तर तो गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाला, "तीनच शे ना, सर."

त्याचं खरं होतं. मोजताना तो एक-दोन-तीन नीट म्हणायचा, तीन चिंचोके अचूक उचलून द्यायचा. तीन त्याला कळला होता, फक्त त्याचं तोंड कुठल्या बाजूला हे कळलं नव्हतं. आणि आपल्या अंकांत ३ आणि ६ म्हणजे आरशाच्या अलीकडे-पलीकडे उभे केलेले भाऊच.

यामागचं कारण मजेशीर आहे. पोळ्याला सजवलेला बैल डावीकडून बघा की उजवीकडून, बैल तोच. किटलीची तोटी इकडे असो की तिकडे, किटली तीच. बाजू बदलली तरी वस्तू तीच, हे लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत मेंदूत मुरलेलं आहे आणि जगायला ते उपयोगीही पडतं. लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची. तिच्यासाठी मेंदूत वेगळी जागा तयार व्हायला वेळच मिळालेला नाही. म्हणून वाचायला शिकताना मेंदू डाव्या बाजूचा, खालच्या अंगाचा एक भाग अक्षरांच्या कामाला लावतो. हा भाग वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागांच्या शेजारचाच. अक्षरांबरोबर त्याची जुनी सवयही येते: उलट-सुलट एकच. म्हणजे वाचायला शिकणाऱ्या मुलाला काही गोष्टी शिकाव्या लागतात आणि एक गोष्ट चक्क विसरावी लागते. पाच-सहा वर्षांची मुलं जगभर उलटी अक्षरं काढतात, डावखुरी असोत वा उजवी.

लाल फुलीने हे सुटत नाही. अंगणातल्या मातीत हातभर मोठा तीन काढायचा, त्यावरून बोट फिरवायचं, आणि बोट कुठून निघून कुठे वळलं ते तोंडाने म्हणायचं. डोळ्याला जे सारखं वाटतं ते हाताला वेगळं लागतं. दुसरी संपत आली तरी उलटं लिहिणं थांबलं नाही आणि वाचनही अडखळत असेल, तर मात्र जाणकाराला दाखवावं. तोपर्यंत घाबरायचं कारण नाही.

हाताचा विषय निघालाच आहे, तर मनगटाचंही सांगतो. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः त्यांतलं एकही हाड झालेलं नसतं, सगळी कूर्चा, म्हणजे हाड होण्याआधीचा मऊ, लवचिक भाग. पहिल्या वर्षात साधारण दोन दिसू लागतात, बाकीची हळूहळू, आणि शेवटचं वाटाण्याएवढं हाड तर नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर. हाताचा एक्स-रे बघून डॉक्टर हाडांचं वय सांगतात, त्यात हेही बघतात. अर्थात लिहिण्याचा भार एकट्या हाडांवर नसतो. बोटांचे स्नायू आणि त्यांना हुकूम देणारा मेंदू दोन्ही अजून घडत असतात. त्यामुळे पालक दारात येऊन "पोरगं वहीत कधी लिहिणार?" विचारतात तेव्हा मी शेंगा सोलणारी, सरकीतून कापूस काढणारी, मातीचे गोळे वळणारी पोरं दाखवतो. लिहिण्याची तयारी तीच चाललेली असते. सगळ्यांना पटतं असं नाही.

आता चिंचोक्यांचं. सहा-सहाच्या दोन ओळी समोरासमोर मांडा, सारख्या लांबीच्या. विचारा, कुठल्या ओळीत जास्त? पोरं म्हणतील, सारखेच. मग त्यांच्यादेखत एक ओळ पसरवून लांब करा आणि परत विचारा. बरीच पोरं लांब ओळीकडे बोट दाखवतील. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी हा प्रकार नोंदवला आणि सात वर्षांच्या आतल्या मुलाला दिसण्यापलीकडची संख्या धरता येत नाही, असं मांडलं. मी वर्गात करून बघितलं, तसंच झालं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९७०च्या दशकात एडिंबरामध्ये हाच प्रयोग थोडा फिरवून झाला. ओळ मोठ्या माणसाने नाही, एका खोडकर टेडी अस्वलाने येऊन विस्कटली. एवढ्या बदलाने बरोबर उत्तर देणारी मुलं कितीतरी वाढली. का? मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मूल चिंचोक्यांचा विचार करत नाही. ते विचारणाऱ्या माणसाचा विचार करतं: सरांना दुसरं उत्तर हवंय वाटतं.

हे वाचलं आणि सातवीतली माझी "नक्की?" ही सवय आठवली. मोठ्या पोरांना त्याने विचार करायला लागतं. पहिलीत "नक्की?" म्हटलं की बरोबर उत्तरसुद्धा पोरं लगेच बदलतात. आता मी "कसं मोजलंस, दाखव बरं" म्हणतो.

खानदेशात वर्गाच्या दारातच आणखी एक गाठ असते, भाषेची. इथे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, नंदुरबारच्या सातपुड्यात भिली आणि पावरी. मी "बस" म्हणतो, घरी आजी "बठ" म्हणते. पोराकडे शब्दांचा साठा मोठा असतो, फक्त तो दुसऱ्या कणगीत. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिलाय, पण धोरणापेक्षा मला डोक्यातली जागा महत्त्वाची वाटते. ऐकलेलं क्षणभर धरून त्यावर काम करायची जागा पाच-सहा वर्षांच्या मुलात फार छोटी असते. दोन-तीन गोष्टी मावल्या तरी खूप. त्यातली अर्धी जागा अनोळखी शब्द उलगडण्यातच गेली, तर मूळ काम राहणार कुठे?

मी सुरुवातीला एका दमात सांगायचो: चपला बाहेर काढा, दप्तर भिंतीशी ठेवा, पाटी घ्या आणि गोल करून बसा. निम्मी पोरं पाटी घेऊन उभी, बाकीची दारात. मी त्यांना बेशिस्त समजत होतो. आता एका वेळी एकच, तेही हाताने दाखवत आणि जमेल तसं अहिराणीत. माझी अहिराणी ऐकून पोरं हसतात, ते चालतं. परवा मात्र घाईत मी चपला आणि दप्तर एकाच वाक्यात सांगून बसलो. सहा जणांनी चपला दप्तरात नीट भरून ठेवल्या होत्या.