दोन ‘मार्टर्स’: अर्ध्या वाटेपर्यंत एकच गोष्ट

“‘मार्टर्स’ बघितला, पण लोक म्हणतात तेवढं काही नाही त्यात,” असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं, कुठला? या नावाचे दोन भयपट आहेत. एक २००८चा, फ्रेंच भाषेतला, पास्कल लोजिएने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला. दुसरा २०१५चा, इंग्रजीतला अमेरिकन रिमेक, केविन आणि मायकल गोएट्झ या भावांचा. नाव तेच, नायिका त्याच, लूसी आणि अ‍ॅना, आणि सुरुवातीची गोष्टही बरीचशी तीच. त्यामुळे ओटीटीवर चुकीच्या पोस्टरवर बोट पडणं अगदी सोपं. यापुढे दोन्हींचा शेवट उघड केलेला आहे, तेव्हा न बघितलेल्यांनी ठरवावं.

गोष्ट अशी. लहानगी लूसी एका अज्ञात छळकोठडीतून पळून येते. अनाथाश्रमात तिला अ‍ॅना भेटते, तिची एकुलती एक मैत्रीण. वर्षं जातात. मग एका सकाळी लूसी एका सुखवस्तू घराची बेल वाजवते आणि शॉटगनने अख्खं कुटुंब संपवते. तिच्या मते तिचा छळ करणारे हेच. अ‍ॅनाला खात्री वाटत नाही. त्यात लूसीच्या मागे एक हाडकुळी, जखमांनी भरलेली बाई लागलेली आहे, जी फक्त तिलाच दिसते. कोठडीतून पळताना लूसीने जिला सोडवलं नाही, तीच ही बाई.

इथपर्यंत दोन्ही सिनेमे जवळपास हातात हात घालून चालतात. फरक हाताळणीचा. लोजिए त्या कुटुंबाला आधी नाश्त्याच्या टेबलावर बसवतो. भावंडांची भांडणं, अभ्यासावरून टोमणे, आईची पाण्याच्या पाइपाची दुरुस्ती. ही माणसं आपल्याला आवडायला लागतात न लागतात तोच बेल वाजते. आपण कुणाच्या बाजूने आहोत हे त्यानंतर बराच वेळ कळत नाही, आणि कळू नये अशीच त्याची इच्छा आहे.

खरी फाटाफूट मध्यावर होते. फ्रेंच सिनेमात लूसी स्वतःचा गळा कापून घेते. जिच्यामागे आपण निघालो होतो ती निम्म्या रस्त्यात गेली, आणि उरली अ‍ॅना. तिला तळघर सापडतं, म्हणजे लूसी खरं बोलत होती. तिथे डोक्यात पत्रा ठोकून बसवलेली एक बाई आहे. अ‍ॅना तो पत्रा खिळा खिळा करून सोडवते. हे दृश्य बघवत नाही, तरी अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात मायाळू दृश्य हेच आहे. अ‍ॅना प्रत्येक वेळी दुसऱ्याला सांभाळायला थांबते. थांबते म्हणूनच सापडते.

मग घराचे खरे मालक येतात, एका गुप्त पंथाची माणसं. त्यांची म्होरकी ‘मादमोआझेल’ (क्यूबेकची अभिनेत्री कातरीन बेजां) ही पगडीसारखा रुमाल बांधलेली म्हातारी शांतपणे समजावून सांगते: असह्य यातनेच्या टोकाला पोचलेल्या माणसाला मरण्याआधी पलीकडचं दिसतं. ते तिला ऐकायचंय. त्यासाठी तरुण मुली लागतात.

यानंतरचा भाग लोकांना छळतो तो रक्तामुळे नाही. एक बाई येते, चमच्याने लापशीसारखं काहीतरी भरवते. एक पुरुष येतो, मारतो, जातो. पडदा काळा. पुन्हा तेच. कुणी हसत नाही, शिव्या देत नाही. तो माणूस पाळीवर आलेल्या कामगारासारखा आपलं काम उरकून निघतो. सूडाचा आनंद नाही, सुटकेची आशा नाही. शेवटी अ‍ॅनाची कातडी सोलली जाते, आणि तिला खरंच काहीतरी दिसतं.

लोजिएचा डंख इथे आहे. हा पंथ म्हणजे वेड्यांचा बाजार, असं दाखवून तो मोकळा होऊ शकला असता. तो म्हणतो, समजा त्यांचं बरोबर निघालं, मग काय? यातनेतून खरंच ज्ञान मिळालं तर यातना देणारा सुटतो का? अ‍ॅना म्हातारीच्या कानात कुजबुजते, आपल्याला ऐकू येत नाही. ऐकायला श्रीमंत वृद्धांची गर्दी जमते. म्हातारी आरशासमोर मेकअप उतरवते, दाराबाहेरच्या सहकाऱ्याला “शंका घेत राहा” अशा अर्थाचं काहीतरी सांगते आणि स्वतःवर गोळी झाडते. आणि तोवर आपणही, काय दिसलं ते कळावं म्हणून, त्याच म्हाताऱ्यांच्या रांगेत बसलेलो असतो.

रिमेकमध्ये लूसी मध्यावर मरत नाही. पंथाला हवी असलेली मुलगी तीच ठरते. अ‍ॅनाच्या हाती बंदूक येते आणि ती मैत्रिणीसाठी परत फिरते. पटकथा मार्क एल. स्मिथची, ‘द रेव्हनंट’चा सहलेखक तो, ट्रॉयन बेलिसारिओने लूसी मनापासून केलीय, आणि मैत्रीला जास्त जागा देण्याची कल्पनाही वाईट नाही. पण बंदूक आली की प्रश्न बदलतो. ‘ही वेळेत पोचेल का?’ हे आपण शेकडो थरारपटांत विचारलेलं असतं. म्होरकी इथे केट बर्टन. तीही अभिनेत्री चांगली, पण तिला हरवता येतं, आणि हरवता येणारा खलनायक फार घाबरवत नाही.

हा बदल अपघाताने झालेला नाही. गोएट्झ बंधूंच्या आधी हा प्रकल्प दिग्दर्शक डॅनिएल स्टॅमकडे होता, आणि मूळ सिनेमा फार नकारात्मक आहे, आपण शेवटी आशेचा किरण ठेवू, अशी त्याची तेव्हाच भूमिका होती. रिमेक सौम्य म्हणून फसला असं पुष्कळ जण म्हणतात, मला ते पटत नाही. आणखी चार बादल्या रक्त ओतून तो सुधारला नसता.

मूळ सिनेमाचा लौकिक वाढायला फ्रान्सच्या सेन्सॉरचाही हात लागला. आधी त्याला १८ वर्षांखालच्यांना बंदी असलेलं प्रमाणपत्र मिळालं, जे तिथे थिएटर मिळणं अवघड करतं. चित्रपट दिग्दर्शकांच्या संघटनेने आवाज उठवला, सांस्कृतिक मंत्र्यांनी फेरविचार करायला लावला आणि मर्यादा १६वर आली. सप्टेंबर २००८मध्ये तो तिथे लागला.

ओळखायचा कसा? संवाद फ्रेंच असतील, लांबी शंभर मिनिटांच्या आसपास असेल आणि श्रेयनामावलीत लोजिएचं नाव असेल तर तो मूळ. दोन्ही बघायचे असतील तर क्रम उलटा करू नका, कारण रिमेक आधी बघितला की तळघराचं गुपित फुकट जातं. मनाची तयारी नसेल, विशेषतः स्त्रियांवरचे पडद्यावरचे अत्याचार बघवत नसतील, तर मूळ सिनेमा सोडून दिलेला बरा. पण मग त्याच्या जागी रिमेकही लावू नका.