शांत दिसणारं मूल आणि लाळेतलं कॉर्टिसॉल

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला काय झालं म्हणून विचारावं आणि त्याने चेहरा कोरा ठेवून "काही नाही" म्हणावं, हे घरोघरी रोज घडतं. त्या "काही नाही"च्या मागे शरीरात काय चाललेलं असतं, हा प्रश्न विज्ञानापुढे यायला बराच काळ गेला. लळ्याचा, म्हणजे मुलाच्या आईबापांशी जडलेल्या नात्याचा, अभ्यास करणारे आणि संप्रेरकांचा अभ्यास करणारे कित्येक वर्षं एकमेकांपासून लांबच काम करत होते.

लळ्याची बाजू लंडनमध्ये सुरू झाली. मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांवर निबंध लिहिला. त्यांतल्या १४ मुलांना कुणाबद्दलच माया वाटत नव्हती, आणि या १४ पैकी १२ जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून तुटलेले होते. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात ठेवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवरचा चित्रपट लोकांसमोर आणला. तेव्हाच्या नियमांप्रमाणे आईवडिलांना सोबत राहता येत नसे. मूल रडायचं थांबलं की "रुळलं" असं समजायची पद्धत होती. रॉबर्टसन यांचं म्हणणं उलट होतं: हे रुळणं नाही, ही हार आहे. या विषयाचं मूळ मला या वाक्यात दिसतं.

त्याला मोजमापाची जोड दिली मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी. १९५४-५५ मध्ये त्या युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत २६ कुटुंबांच्या घरी जाऊन बसत, आई आणि बाळ पाहत. पुढे बाल्टिमोरला त्यांनी वीसेक मिनिटांची एक चाचणी बसवली. अनोळखी खोली, खेळणी, एक परकी बाई. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. एन्सवर्थ यांचं सगळं लक्ष आई परत येते त्या क्षणावर. काही बाळं रडत रडत आईकडे धावतात, कुशीत शिरतात आणि थोड्या वेळात पुन्हा खेळायला लागतात. त्यांचा लळा निर्धास्त. काही चिकटतातही आणि रागाने ढकलतातही. काही मात्र आईकडे पाहतच नाहीत, ठोकळ्यांवरची नजरसुद्धा हलवत नाहीत. पाहणाऱ्याला हे बाळ सगळ्यांत समजूतदार वाटावं.

दुसरी बाजू उंदरांपासून सुरू होते. १९३६ मध्ये माँट्रियलच्या हान्स सेलिए यांनी दाखवलं की थंडी, जखम, विष, काहीही द्या, उंदराचं शरीर एकाच ठरावीक पद्धतीने झुंजतं आणि त्यात मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजतात. या ग्रंथींतून येणारं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं संप्रेरक. माणसात ते उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीकडे तळाला जातं. १९५७ मध्ये सीमूर लेव्हाइन यांच्या प्रयोगांतून कळलं की उंदरांच्या पिल्लांना लहानपणी कसं वागवलं यावर त्यांची मोठेपणची ताणाची प्रतिक्रिया ठरते. पुढे मायकेल मीनी यांच्या गटाने माँट्रियललाच दाखवलं की उंदरीण पिल्लांना किती चाटते यावरही ती ठरते. माया आणि ग्रंथी यांचा धागा इथे जुळला, पण उंदरात.

मुलांपर्यंत तो आणण्यातली अडचण अगदी साधी होती: सुई. रक्त काढायला सुई टोचली की तिनेच ताण वाढणार. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजता येऊ लागलं आणि ही अडचण सुटली. कापसाचा बोळा तोंडात धरायचा, बस्स. १९९३ मध्ये जर्मनीत श्पांगलर आणि ग्रोसमान यांनी एन्सवर्थ यांच्या चाचणीआधी आणि नंतर बाळांची लाळ घेतली. निर्धास्त बाळं रडली, पण त्यांचं कॉर्टिसॉल चढलं नाही. ठोकळ्यांत गुंतलेल्या त्या "समजूतदार" बाळांचं चढलं. पुढच्या अभ्यासांत आकडे दर वेळी इतके स्वच्छ आले नाहीत, तरी शांत चेहऱ्यावर विसंबायची सोय यानंतर उरली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी डोझियर आणि कोबॅक यांनी कॉलेजच्या मुलांना बालपणाबद्दल बोलतं केलं होतं. "आमच्याकडे सगळं छान होतं" म्हणत विषय टाळणाऱ्या मुलांच्या त्वचेवरचा घाम मात्र दुराव्याचे, नकाराचे प्रश्न आले की वाढत होता.

मग आला रुमानिया. डिसेंबर १९८९ मध्ये तिथले हुकूमशहा चाउशेस्कू यांची सत्ता कोसळली आणि अनाथालयांत खाटांच्या रांगांमध्ये वाढणारी हजारो मुलं जगाला दिसली. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या प्रकल्पात अशी १३६ मुलं घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली: निम्मी पालनकर्त्या कुटुंबांत, निम्मी होती तिथेच. तेव्हा शहरात अशी कुटुंबं जवळपास नव्हतीच, ती प्रकल्पानेच उभी केली, हे खरं. तरीही ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्या मुलांचा विचार मनातून जात नाही. ही मुलं साधारण बारा वर्षांची झाल्यावर त्यांना ताणाची कामं दिली, जसं की परक्यांसमोर भाषण. संस्थेत राहिलेल्यांचं कॉर्टिसॉल जेमतेम हललं. वयाची दोन वर्षं भरायच्या आत घर मिळालेल्यांचं मात्र इतर मुलांसारखं चढलं-उतरलं. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे सपाट रेषा ही निवांतपणाची खूण नव्हे; रॉबर्टसन ज्याला हार म्हणत होते तीच आता लाळेत दिसत होती.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटाहून आलेला निष्कर्ष दहावीच्या केंद्राबाहेर उन्हात उभ्या राहणाऱ्या आईबापांना बोचेल. मेगन गनार यांच्या गटाने भाषणाची तयारी काही मुलांना पालकासोबत करू दिली. नऊ-दहा वर्षांच्या मुलांत पालकाच्या सोबतीने कॉर्टिसॉलची चढण अडवली. पंधरा-सोळाच्या मुलांत त्या सोबतीचा तसा उपयोग झाला नाही. वयात येताना हे कवच पातळ होतं. शिवाय या वयात लळा मोजणंही अवघड: मुलाखत एक सांगते, प्रश्नावली दुसरंच, आणि दोन्हींचा मेळ क्वचित बसतो. किशोरांवरचे निष्कर्ष उलटसुलट येतात त्याचं एक कारण मला हे वाटतं.

पण याच वयाने एक दारही उघडलं. गनार यांच्याच गटाने अनाथालयांतून दत्तक घेतलेली मुलं वर्षा-वर्षाच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासली. वयात येण्याच्या सुरुवातीला त्यांची प्रतिक्रिया सपाट होती. जसजशी ती वयात येत गेली तसतशी ही प्रतिक्रिया दत्तक न गेलेल्या मुलांसारखी होत गेली. २०१९ मध्ये हे छापून आलं. संप्रेरक हलू लागलं म्हणजे मन सुखी झालं, असं मात्र यातून निघत नाही. आणि ही मुलं तोवर कित्येक वर्षं मायेच्या घरात राहिलेली होती. या अभ्यासात मुलांचं नुसतं वय धरून भागणार नव्हतं. प्रत्येक मूल वयात येण्याच्या कुठल्या पायरीवर आहे, हे परिचारिकेने तपासून नोंदवलेलं होतं.