क्यू स्रोत

मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांच्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांच्या) मागे असावं असं मानलं जाणारं, आज हरवलेलं ग्रीक लिखाण म्हणजे क्यू. नाव पडलं 'क्वेले' म्हणजे स्रोत या जर्मन शब्दावरून. त्याचं एक पानही सापडलेलं नाही, म्हणजे जे काही बोललं जातं ते उरलेल्या मजकुरावरूनच.

मार्क या आणखी एका शुभवर्तमानातल्या ६६१ वचनांपैकी (म्हणजे क्रमांकित वाक्यांपैकी) बहुतेक आशय मत्तयात आहे आणि निम्म्याहून जास्त लूकमध्ये, म्हणून मार्क आधीचा आणि तो दोघांच्या समोर होता असं बहुतेक अभ्यासक धरतात. पण याशिवाय सुमारे २३० वचनं अशी आहेत जी मत्तय-लूकमध्ये आहेत नि मार्कमध्ये नाहीत, खरी गंमत इथे आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं 'सापाच्या पिलांनो' हे बोलणं दोघांकडे साठेक ग्रीक शब्द जवळपास जसंच्या तसं येतं. मूळ बोलणं अरामी भाषेतलं, आणि दोन माणसांनी स्वतंत्रपणे केलेलं भाषांतर इतकं जुळत नाही, म्हणून नुसती तोंडी परंपरा इथे पुरत नाही. शिवाय 'ज्याच्याजवळ आहे त्याला दिलं जाईल' हे वाक्य दोघांकडेही दोनदा येतं, एकदा मार्कच्या संदर्भात आणि एकदा वेगळ्याच, म्हणजे ते दोन ठिकाणांहून उचललं असावं.

मत्तय आणि लूक यांच्यापुढे मार्क आणि क्यू असे दोन स्रोत होते ही कल्पना १८३८ मध्ये जर्मन अभ्यासक वाइसे यांनी मांडली. त्याआधी १८३२ मध्ये जर्मन धर्मपंडित श्लायरमाखर यांनी असा वचनसंग्रह होता हे म्हणताना पापियास या सुरुवातीच्या काळातल्या बिशपच्या एका वाक्याचा आधार घेतला होता, मत्तयाने प्रभूची वचनं हिब्रू बोलीत जुळवली असं ते वाक्य. पण क्यू तर ग्रीक वाटतो, त्यामुळे हा आधार आता फारसा धरत नाहीत.

१९५५ मध्ये इंग्रज अभ्यासक फॅरर म्हणाले की क्यूची गरजच नाही, लूकने मत्तय वाचला होता. त्यांच्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे: अटकेनंतर येशूला मारणाऱ्यांच्या तोंडी मार्कमध्ये फक्त 'भविष्य सांग' आहे, मत्तय आणि लूक दोघंही 'तुला कोणी मारलं' हे त्यात घालतात, म्हणजे एकाने दुसऱ्याचं वाचलं असावं. तरी मत्तय हाताशी असताना लूकने त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन असं तुकड्यातुकड्यांत का विखुरलं हे पटत नाही, त्यामुळे क्यूची बाजू थोडी जड वाटते. निव्वळ वचनांचा ग्रंथ असू शकतो हे मात्र १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मिळालेल्या थोमाच्या शुभवर्तमानाने, म्हणजे येशूच्या ११४ उक्तींच्या संग्रहाने, दाखवलं, अर्थात तो क्यू नव्हे.

क्यूचा काळ साधारण इ.स. ५० ते ७०. खोराजिन, बेथसैदा, कफर्णहूम ही गावं त्यात येतात म्हणून ठिकाण गालील असावं.