पेस्ट 'तिखट' लागते तेव्हा

दात घासताना पेस्ट जिभेला लागली की ऑटिझम (स्वमग्नता) असलेलं मूल ओरडतं, "तिखट!" घरातले म्हणतात, नाटकं. पण मुलाचा शब्द तसा चुकलेला नाही. तिखट ही मुळात चव नव्हेच. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून तोंड भाजतं. पेस्टमधलं मेंथॉल असंच मज्जातंतूंवरच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) फसवतं. हा ग्राही २००२ मध्ये सापडला. तो शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना स्पर्श-तापमानाच्या संशोधनासाठी २०२१ चं नोबेल मिळालं.

आपल्याला जो गारवा वाटतो, तो ऑटिझम असलेल्या मुलाला चटका वाटू शकतो. संवेदनांना मिळणारा जास्त किंवा कमी प्रतिसाद २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेतल्या ऑटिझमच्या निकषांतही आला आहे. 'कमी' हा शब्द महत्त्वाचा. काही मुलं ब्रश चावतच बसतात, कारण त्यांना तो दाब हवा असतो.

म्हणून शिकवण्याआधी थोडी हेरगिरी करावी. नेमकं काय झोंबतं? चव, फेस, ब्रशचे केस, की न्हाणीघरात घुमणारा आवाज? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेल्या आणि बिनचवीच्या पेस्टही असतात. फ्लोराइड मात्र सोडू नये. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी. आणि दात न्हाणीतच घासायचे असा काही कायदा नाही. सोप्यावर बसवून, मागून डोकं आपल्या पोटाला टेकवून घासले तरी दात स्वच्छच होतात.

मग प्रश्न वेळेचा. "दोन मिनिटं घास" याला अशा मुलाच्या लेखी शेवटच नसतो. "दहा आकडे, मग झालं" याला असतो. सुरुवातीला तीनच आकडे, कोरडा ब्रश, तोही ओठांपर्यंतच. रोज तेच शब्द, तोच क्रम. भोंप्याचा त्रास होत नसेल तर सकाळी पोदेराचं (दारोदार पाव विकणाऱ्याचं) पों-पों हीच घासण्याची खूण ठरवता येते. (पोदेर सुट्टीवर गेला की घरातल्या कुणालातरी भोंपू वाजवावा लागेल, एवढी तयारी ठेवा.) भिंतीवर चित्रं लावायची तर कार्टूनपेक्षा मुलाच्याच ब्रशचे, त्याच्याच हातांचे फोटो बरे.

मला सर्वांत पटते ती उलटी रीत. सगळं आपण करायचं, फक्त शेवटी ब्रश पेल्यात मुलानं ठेवायचा. ते जमलं की त्याआधीची पायरी, म्हणजे ब्रश धुणं, त्याच्याकडे. असं मागून पुढे सरकत गेलं की मुलाच्या हाती रोज काम पुरं होतं, अर्धवट सुटत नाही. याला महिने लागतात. बक्षीस म्हणून चॉकलेट देणं तेवढं टाळावं. उंड्याचा (गोल पावाचा) घास गालात धरून ठेवायची सवय असेल आणि त्यात चवथीच्या नेवऱ्या (गणेशचतुर्थीच्या करंज्या), तर किडीला आणखी आमंत्रण नको.

एक गोष्ट रोज बघावी. दात दुखतो हे यातली बरीच मुलं सांगत नाहीत. ती एका बाजूनं चावू लागतात, गालावर मारून घेतात, रात्री जागतात. वरचा ओठ हलकेच उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते, आणि या टप्प्यावर ती फ्लोराइडनं थांबवता येते. दंतवैद्याकडे जायचं ठरलं तर तिथल्या दाराचे, खुर्चीचे, दिव्याचे फोटो आधी मिळवून दाखवा. पहिल्या दिवशी नुसतं खुर्चीत बसून परत आलात तरी चालेल.