शार्त्रचे कॅथेड्रल

शार्त्रचे कॅथेड्रल : फ्रान्समधील शार्त्र या गावातील, मेरीमातेला वाहिलेले, गॉथिक (मध्ययुगीन युरोपातील टोकदार कमानींच्या) शैलीचे प्रार्थनामंदिर. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून आगगाडीने तासाभरात येथे पोहोचता येते. बोस या सपाट, गहू पिकवणाऱ्या प्रदेशात त्याची दोन शिखरे दुरूनच दिसतात. ती जुळी नाहीत : दक्षिणेचे १२ व्या शतकातले, साधे, १०५ मी. उंच, उत्तरेचे १६ व्या शतकाच्या आरंभी वास्तुकार झां द बोसने बांधलेले, नक्षीदार, ११३ मी. उंच.

१० जून ११९४ रोजी जुने मंदिर आगीत जळाले. मेरीचे म्हणून पूजले जाणारे वस्त्र मात्र तीन दिवसांनी तळघरात सुखरूप सापडले, अशी परंपरा सांगते. हा कौल मानून लोक कामाला लागले आणि सुमारे २५ वर्षांत मुख्य बांधकाम उभे राहिले. बाहेरून दिलेल्या कमानदार धिऱ्यांनी छताचा रेटा पेलला, म्हणून भिंतींत एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवता आल्या. मुंबईतले कुलाब्याचे अफगाण चर्च पाहिलेल्यांना टोकदार कमानी ओळखीच्या वाटतील. पण ते १९ व्या शतकातले, जुन्या शैलीचे पुनरुज्जीवन आहे.

शार्त्रला जायचे ते रंगीत काचांसाठी. येथे १७६ खिडक्या आहेत आणि बहुतेक काच मध्ययुगीन आहे. १९३९ मध्ये युद्धाच्या सावटाखाली ती उतरवून लपवून ठेवली, म्हणून वाचली. आत शिरल्याबरोबर फोटो काढू नयेत. आधी एका खुर्चीवर स्वस्थ बसावे. डोळे अंधाराला सरावले की निळा रंग हळूहळू वर येतो. सोबत दुर्बीण हवीच, कारण चित्रे लहान आणि फार उंचावर आहेत. कथा बहुधा खालून वर वाचायची असते. सर्वांत खालच्या चौकटींत पुष्कळदा गावचे कारागीर दिसतात. मध्ययुगीन सम्राट शार्लमेनच्या खिडकीत केसाळ कातड्यांचा व्यापारी गिऱ्हाइकाला अस्तर लावलेला झगा उलगडून दाखवतो आहे. राजाच्या पराक्रमापेक्षा हा दुकानदार अधिक लक्षात राहतो.

फरशीवर सुमारे १३ मी. व्यासाचा चक्रव्यूह दगड बसवून रेखला आहे. त्यात चकवा नाही, २६० मी.हून थोडी अधिक लांबीची एकच वाट वळणे घेत मध्यापर्यंत जाते. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. ठरावीक दिवशी, बहुधा शुक्रवारी, त्या उचलतात आणि यात्रेकरू सावकाश ती वाट चालतात. त्यांना ओलांडून जाऊ नये. युनेस्कोने १९७९ मध्ये या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला असला, तरी येथे रोजची उपासना चालू आहे.

पश्चिमेकडील तीन उंच खिडक्या ११९४ च्या आगीतून वाचलेल्या आहेत. त्यांचा निळा इतरांहून उजळ आहे आणि त्यांवर ऊन येते ते दुपारनंतर. सकाळच्या गाडीने येणाऱ्याने परतीची घाई करू नये, दिवस कलेपर्यंत थांबावे.