लोणावळा ते भीमाशंकर: वाट कागदावर कशी उतरते

लोणावळ्याहून निघून सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने भीमाशंकरला चालत जाता येतं. तीन-चार दिवस लागतात. राजमाची, ढाक, कुसूर पठार, सावळे, वांद्रे खिंड ही नावं डोंगरात फिरणाऱ्यांच्या तोंडी असतात, पण या सगळ्यांना जोडणारा, पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत पाट्या लावून आखलेला मार्ग नाही. आहेत ते तुकडे: गुराख्यांची ढोरवाट, एका वाडीतून दुसरीकडे जाणारी पायवाट, कोकणात उतरणारी जुनी घाटवाट, मध्येच पवनचक्क्यांकडे नेणारा कच्चा रस्ता. हे तुकडे जोडून नकाशा करायला बसलं, की डोंगर कसा घडला इथपासूनच विचार करावा लागतो. मला तर चालण्याइतकंच हे कामही प्रिय आहे.

सुरुवात पाण्यापासून करायची. घाटमाथ्याची धार म्हणजे पाणलोटाची सीमा. या पट्ट्यात पश्चिमेला पडलेला थेंब उल्हास नदीतून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला थेंब इंद्रायणी, आंध्रा, भामा नाहीतर थेट भीमेतून कृष्णेत जातो आणि अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. या सीमेचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. धार न सोडता चालत राहिलं तर कुठलाही ओढा ओलांडावा लागत नाही, कारण प्रत्येक ओढा तिच्यापासून दूरच वाहत जातो. पण त्याचमुळे धारेवर पाणीही मिळत नाही. वाट आखताना निम्मा वेळ या एका पेचात जातो: धार कुठे धरायची आणि पाण्यासाठी ती कुठे सोडायची.

ही धार आता घरबसल्या काढता येते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर हे अंतराळयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्याच्यावर एक रडार होता आणि दुसरा अँटेना ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला. माणसाला दोन डोळ्यांमुळे खोली कळते, तशी या दोन अँटेनांमुळे जमिनीची उंची कळली आणि पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली गेली. ही माहिती आज सर्वांना फुकट मिळते. त्यात जमीन सुमारे ३० मीटरच्या चौकटींत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकटीला उंचीचा एक आकडा असतो. संगणकाला सांगायचं, की प्रत्येक चौकटीतलं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उतार असेल तिकडे ढकल. मग कुठल्या चौकटीत किती चौकटींचं पाणी जमा झालं ते मोजायचं. भरपूर जमलं तिथे ओढा. आजूबाजूचं काहीच आलं नाही, तिथे बहुतेक धार.

पडद्यावर ही रेघ उमटली की फार आनंद होतो, आणि तिथेच सावध व्हावं लागतं. समजा, २५ मीटरचा सरळ तुटलेला कडा आहे, म्हणजे साधारण आठ मजली इमारतीएवढा. संगणक उतार काढतो तो शेजारच्या चौकटी धरून, सुमारे ६० मीटर अंतरावर. २५ मीटरची घट ६० मीटरवर पसरली की उतार भरतो जेमतेम २३ अंश. कागदावर ती चालण्याजोगी चढण दिसते, प्रत्यक्षात तिथे दोराशिवाय गत्यंतर नसतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशांवरही हीच अडचण आहे. तिथे समोच्च रेषा, म्हणजे आपल्या बोलण्यातले कंटूर, २० मीटरच्या अंतराने असतात. दोन कंटूरच्या मध्ये १५ मीटरचा कडा दडून बसू शकतो. दाट रानात आणखी एक गोष्ट होते. तो रडार पानांच्या छतातून जमिनीपर्यंत नीट पोहोचत नाही, त्यामुळे भीमाशंकरच्या सदाहरित पट्ट्यात मिळालेली उंची जमिनीची आणि झाडाच्या शेंड्याची यांच्या मधली कुठली तरी असते.

म्हणून आकड्यांच्या जोडीला खडक माहीत हवा. सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले, जवळजवळ आडवे थर. घट्ट, कठीण बेसाल्टचा थर उभा तुटतो आणि त्याचा कडा होतो. बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला मऊ थर झिजून मागे सरतो आणि त्याचा पदर होतो, कड्याच्या पायथ्याशी पसरलेला सपाट पट्टा. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या चिकणमातीसारखा पातळ थर असतो. पावसाचं पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून झिरपत येतं, या तांबड्या थरावर अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या बुंध्याशी बाहेर पडतं. तोच झरा.

हे एकदा ध्यानात आलं की नकाशा वेगळा दिसू लागतो. एकमेकांना चिकटलेले कंटूर म्हणजे कडा. त्याखाली ते अचानक विरळ झाले की पदर. या दोघांच्या सांध्यावर डोंगर आत वळून खोबण झालेली असेल, तर तिथे पाण्याची शक्यता म्हणून निळा ठिपका द्यायचा. जवळ एखादी ठाकरवाडी किंवा धनगरपाडा असेल, तर आशा आणखी वाढते. फक्त ठिपक्याशेजारी महिना लिहायलाच हवा. दिवाळीत खळाळणारा झरा मार्चमध्ये ओला डागही ठेवत नाही. पाणी चुकलं तर माणशी तीन-चार लिटर पाठीवर घ्यावं लागतं, म्हणजे तेवढे किलो जास्तीचे, आणि मग ठरवलेल्या वेळांना काही अर्थ उरत नाही.

वेळेचा हिशोब करायला गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १८ किलोमीटर चाल आणि ९०० मीटर चढ असेल, तर साधारण पाच तास. पाठीवर चार दिवसांची सॅक असताना मी त्याची सरळ दीडपट करते. उतरणीचा वेळ मात्र या नियमात येत नाही. १९९३ साली भूगोलतज्ज्ञ टॉब्लर यांनी मांडलेलं सूत्र इथे उपयोगी पडतं. त्यानुसार सपाटीवरचा वेग ताशी ५ किलोमीटर आणि अगदी हलक्या उतारावर ६. पण दर १०० मीटरला ३० मीटर चढ असेल तर तो पावणेदोनवर येतो, आणि तेवढाच उतार असेल तरी अडीचच्या पुढे जात नाही. एखाद्या नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद, तीव्र उताराच्या घळीत, सुट्या धोंड्यांवरून उतरलेल्या कुणालाही हे पटेल. वाटच नसेल तर या वेगाचे ६० टक्के धरायचे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हे आकडे मुक्काम कुठे करायचा ते ठरवतात.

आता रान. उपग्रहाच्या चित्रात पायवाट शोधायची तर मार्च-एप्रिलमधलं चित्र घ्यावं. पानगळीच्या रानाची पानं झडलेली असतात, गवत वाळलेलं असतं, आणि मळलेली वाट फिकट रेघेसारखी उठून दिसते. सदाहरित रानात हा उपाय चालत नाही. कारवी या झुडपाचं गणित तर निराळंच. सात-आठ वर्षं ती वाढत राहते, मग सगळी एकदम फुलते आणि बी धरून मरते. २०१६ मध्ये ती अनेक ठिकाणी फुलली, तशी २०२४ मध्येही. मधल्या वर्षांत पुरुषभर उंचीची दाट कारवी वाट पार गिळून टाकते. म्हणजे कारवी मेल्यावर नोंदवलेली वाट पाच वर्षांनी त्याच जागी असेल, पण दिसणार नाही.

मोबाईलमधलं जीपीएस अशा जागी आधार देतं, पण त्याचाही स्वभाव ओळखावा लागतो. मोकळ्या आकाशाखाली चूक साधारण ५ मीटरची. अरुंद नाळेत मात्र अर्धं आकाश कड्याने झाकलेलं असतं आणि उपग्रहाचा संदेश कातळावर आपटून लांबून येतो. ३० मीटरचा वळसा म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग उशीर, आणि तेवढ्याने तुमचा ठिपका शेजारच्या सोंडेवर जाऊन बसतो.

उंचीचा घोळ तर आपल्या भागाचा खास आहे. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून. समुद्रसपाटी मात्र गुरुत्वाकर्षणाने ठरते. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती या आकाराच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, पृथ्वीवर सर्वांत जास्त. त्याच खळग्याच्या उतारावर आपला सह्याद्रीही येतो आणि इथे हा फरक ६० मीटरहून अधिक भरतो. हा फरक दुरुस्त न करणारं ॲप असेल, तर नकाशाशी ताडताना तब्बल तीन कंटूरचा गोंधळ होतो.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट नकाशावरच्या कुठल्याच माहितीतून कळत नाही. ती म्हणजे राबता. चढ, रान आणि पाणी यांना खर्चाचे आकडे देऊन संगणकाकडून सर्वांत कमी श्रमाची वाट काढून घेता येते, आणि पुरातत्त्वज्ञ जुने मार्ग शोधायला ही पद्धत वापरतात. पण वाट टिकते ती पावलांनी. शेतमाल डोक्यावर घेऊन घाट उतरणारी माणसं एसटीने जाऊ लागली, गुरं कमी झाली, की तीन-चार पावसाळ्यांत वाट मोडते. दरड येते, घाणेरी माजते. ती अजून वाहती आहे का, हे वाडीतला एखादा मामाच सांगू शकतो. म्हणून प्रत्येक वाडीत थांबून विचारायचं, जमल्यास सोबत वाटाड्या घ्यायचा आणि त्याला त्याच्या कामाचे नीट पैसे द्यायचे. त्याने सांगितलेली खिंडीची, ओढ्याची, कातळाची नावं तो म्हणतो तशीच लिहून घ्यायची. छापील नकाशात ती बहुधा नसतात.

भीमाशंकर अभयारण्याची हद्द तर नकाशावर सर्वांत आधी काढायला हवी. १९८५ पासून हे रान शेकरूसाठी राखलेलं आहे, तिथे वनखात्याची परवानगी लागते आणि मुक्काम कुठे करायचा हे आपण ठरवायचं नसतं. परवानगी मिळत नसेल तर रेघ वळवायची. सुटकेच्या वाटाही दाखवायच्या. पूर्वेला मावळातली गावं आहेत. पश्चिमेला कुसूर घाट भिवपुरीकडे उतरतो, आणि शेवटच्या टप्प्यात गणेश घाटाने खांडसला जाता येतं. शिडी घाटही तिथेच उतरतो, पण दमलेल्या माणसाला मी त्या वाटेने पाठवणार नाही.

तयार झालेली रेघ इतरांना द्यावी का? यावर मी बराच विचार केला आहे. देवराईतून जाणारा तुकडा मी काढून टाकते, शेकरूच्या घरट्यांच्या जागा लिहीत नाही. पाण्याच्या खुणा मात्र सगळ्या देते, प्रत्येकीशेजारी तारीख घालून: कातळातलं टाकं, १४ डिसेंबर, गुडघाभर पाणी, वर शेवाळ, गाळून प्यायलो. पुढच्या माणसाने फेब्रुवारीत जाऊन खाली आपली ओळ लिहावी.