ऑस्करचा मान आधी कुणाला? पीटर फोल्डेस यांच्याबद्दल खुलासा

‘लक्सो ज्युनिअर’ (१९८६) हा उड्या मारणाऱ्या टेबल-दिव्याचा पिक्सारचा लघुपट ऑस्कर नामांकन मिळवणारा पहिला कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनपट, असं अनेक ठिकाणी ठोकून दिलेलं असतं. त्यात ‘त्रिमितीय’ हा एक शब्द गळालेला असतो, आणि तेवढ्याने एका माणसाचं श्रेय गळतं.

हंगेरीत जन्मलेले पीटर फोल्डेस मुळात चित्रकार. अणुयुद्धावरचा त्यांचा हाताने केलेला ‘अ शॉर्ट व्हिजन’ १९५६ साली अमेरिकी टीव्हीवर दाखवला गेला, तेव्हा प्रेक्षक हादरले होते. पुढे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी त्यांनी संगणक वापरून आधी ‘मेटाडेटा’ हा लघुपट आणि मग ‘हंगर’ (१९७४) हा द्विमितीय अ‍ॅनिमेशनपट केला. खात खात फुगत जाणाऱ्या माणसाची ही गोष्ट. तिला कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला आणि ऑस्कर नामांकनही. म्हणजे त्या उड्या मारणाऱ्या दिव्याच्या तब्बल बारा वर्षं आधी!

दुसरा गैरसमज त्याहून चिवट आहे: चित्रं संगणकानेच काढली. छे! मुख्य चित्रं फोल्डेस स्वतः रेखाटत. एका चित्रातली रेषा दुसऱ्या चित्रातल्या रेषेकडे सरकवत नेणं, म्हणजे मधली चित्रं भरणं, एवढंच संगणकाचं काम. ही प्रणाली नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन या कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या दोघांची. म्हणूनच ‘हंगर’मध्ये वस्तू एकमेकींत वितळताना दिसतात. त्या तंत्राची मर्यादा फोल्डेस यांनी शैली म्हणून वापरली, आणि मला तर तीच त्या चित्रपटाची खरी ताकद वाटते.

फोल्डेस १९७७ मध्येच गेले. बर्टनिक आणि वाइन यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला तो १९९७ साली.